सोलापुरात काढीव शॉकअप घेताना: दाबून नाही, ओढून बघा

दुकानाच्या पायरीवर गाडीचा शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) उभा करायचा, दोन्ही तळहात वर ठेवून दाबायचा आणि म्हणायचं, "बघा मालक, किती कडक हाय!" सोलापुरातल्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत ही कसरत नेहमीची. गिऱ्हाईकही एकदा दाबून बघतं, मान डोलावतं आणि जोडी पिशवीत जाते. अडचण एवढीच, की दाबून शॉकअपची निम्मी परीक्षाही होत नाही. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळी मारते, त्या उसळीला धरून ठेवणं हे शॉकअपचं मोठं काम. म्हणून बहुतेक मोटारींत ओढतानाचा विरोध दाबतानाच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेला असतो. उलट दाबायला कडक लागणारा शॉकअप आत गंजलेला, रॉड वाकलेला किंवा तेल जास्त कोंबलेला असू शकतो. ओढून बघितल्याशिवाय पाकीट काढू नका.

बाजारात तीन तऱ्हेचा माल आहे. एक काढीव, म्हणजे अपघातात गेलेल्या किंवा भंगारात निघालेल्या गाडीचा जसाच्या तसा. दुसरा 'भरलेला', म्हणजे जुना फोडून, तेल घालून, रंग मारून परत उभा केलेला. तिसरा नवा: कंपनीचा मूळ, किंवा गॅब्रिएल, मन्रो, केवायबी, सॅक्स यांच्यासारख्या नावांचा. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासूनची, पुण्याची, त्यामुळे तिचा माल इकडे सहज मिळतो. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. मागचे काढीव शॉकअप, कमी चाललेल्या गाडीचे, एकाच गाडीची जोडी, खालच्या परीक्षांत पास: घ्या, पैसे वसूल. पुढचे काढीव स्ट्रट (स्प्रिंग अंगावर घेणारे पुढचे शॉकअप): अगदीच अडल्याशिवाय नको. भरलेला माल: फुकट मिळाला तरी नको.

पुढच्या-मागच्यात हा भेद का? आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. तो नुसता झटके खात नाही, चाकाला उभं धरतो, वळणावरचा आणि ब्रेकचा आडवा जोरही सोसतो. त्यामुळे रॉड आतल्या मार्गदर्शक बुशला (रॉड सरळ ठेवणाऱ्या कड्याला) सतत एका अंगाने घासतो आणि बुश गोल न राहता अंडाकृती होतो. हा दोष बाहेरून फारच थोडा दिसतो. मागच्या बाजूला, आडव्या बीमवर, शॉकअपला फक्त वरखाली करायचं असतं. तो जास्त टिकतो आणि परीक्षेत खोटंही कमी बोलतो. मजुरीचं गणितही वेगळं. मागचा बहुतेक गाड्यांत वरचा नट नि खालचा बोल्ट काढला की हातात येतो. पुढचा काढायचा तर ब्रेक पाइपची क्लिप, लिंक रॉड (स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणारी सळई), नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट, स्प्रिंग दाबायचं यंत्र आणि शेवटी अलाइनमेंट. चार महिन्यांनी काढीव स्ट्रट निकामी झाला तर हा सगळा खर्च दुसऱ्यांदा.

दोष खरंच शॉकअपचा आहे का?

दुकानात जाण्याआधी हे ठरवा, कारण शॉकअपच्या नावावर दुसऱ्यांचे गुन्हे फार खपतात. "गाडी डावीकडं बसलीय, शॉकअप टाका" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. सपाट फरशीवर गाडी उभी करा, हवा चारही चाकांत ठरलेली भरा, सामान काढा आणि टेपने चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. डाव्या-उजव्यात १० ते १५ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बघा. बऱ्याचदा सगळ्यात खालचा वेटोळा तुटून स्प्रिंग जिच्यावर बसते त्या बशीत पडलेला असतो, चिखलामुळे दिसत नाही.

आवाजांचंही तसंच. बारीक खडीवर, हळू वेगात 'कटकट' येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर, तो स्वस्त आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टण्' करून सुटत असेल तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग जाम झालंय. कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला लावा आणि स्प्रिंगवर हात ठेवा, धक्का तळहाताला लागतो. ब्रेक मारताना एकच जाड 'धप्' येतो तो बहुधा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचा. शॉकअप गेला की आवाजाआधी चाल बिघडते.

टायर तर चुगली करतोच. तळहात टायरच्या पाठीवरून आधी पुढे, मग मागे फिरवा. दर ८-१० सें.मी.वर एक खोलगट चट्टा, असे चट्टे ओळीने लागत असतील तर चाक रस्त्यावर नाचतंय. त्याला शॉकअप कारण असू शकतो किंवा बॅलन्सिंग. एकच कड खाल्ली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल. एका दिशेने हात गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागत असेल तर टो, म्हणजे चाकांचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं. शेवटच्या दोन्हींत शॉकअप बदलून काही हाती लागणार नाही.

बॉनेट दाबून सोडायची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. तिचा अर्थ मात्र एकाच बाजूने लागतो. सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलली तर शॉकअप नक्की गेला. डोलली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. गाडीचं धूड सेकंदाला एक-दीड वेळा डोलतं आणि हाताने तेवढंच जमतं. रस्त्यावर चाक स्वतः सेकंदाला १० ते १५ वेळा थरथरतं. ती थरथर मारणारी शॉकअपमधली झडप मेलेली असली तरी बॉनेट शहाण्यासारखं जागेवर येतं. शिवाय स्ट्रटच्या सांध्यांतलं घर्षणच बरंचसं डोलणं थांबवतं.

चालवून बघायला सोलापूरइतकी सोय थोड्या ठिकाणी असेल. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या काळ्या मातीत पिकते ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. खड्डा नसतो, पण गाडी होडीसारखी वरखाली होते. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या गावांना जोडणाऱ्या अशा रस्त्यावर ६० च्या वेगाने जा. लाट ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन बसली पाहिजे. वर, खाली, पुन्हा वर असं झालं की ओढतानाचा दम गेला. गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेला रस्ता मिळाला तर आणखी चांगलं: चाकोरीतून बाहेर पडताना मागचा भाग आडवा सरकतो का, ते बघा. मागे वाहन नसताना, दिवसाउजेडी. दुसरी परीक्षा हमरस्त्यावरच्या पांढऱ्या रंबलर पट्ट्यांची. ४० च्या वेगाने जा. निरोगी गाडी 'ढरर्' करून पार होते, आजारी गाडीचं स्टिअरिंग हातात झिणझिणतं आणि चाकं पट्ट्यांवरून उडत जातात.

आणि एक परीक्षा, जिला पैसा लागत नाही. शॉकअप गाडीच्या हालचालीची ताकद तेलात जिरवून तिची उष्णता करतो. म्हणजे काम करणारा शॉकअप गरम झालाच पाहिजे. खराब रस्त्यावर ८-१० कि.मी. चालवून लगेच चारही शॉकअपच्या नळीला हात लावा. डावा-उजवा सारखे कोमट हवेत. एक कोमट आणि जोडीदार थंड असेल तर थंड असलेला नुसता प्रवास करतोय. हे पहाटे करा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता पंक्चरवाल्याचा जॅकसुद्धा चटका देतो, तेव्हा काय गरम आणि काय थंड ठरवणार? पुढे हात घालताना ब्रेकच्या डिस्कपासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब. ती चूक लोक एकदाच करतात.

उष्णतेचा आणखी एक खेळ आहे. तेल तापलं की पातळ होतं. डिसेंबरच्या सकाळी अर्धमेला शॉकअपही कडक वाटतो आणि पुणे रस्त्याला टेंभुर्णी येईपर्यंत पाणी होतो. गाडी तापल्यावरच निकाल द्या.

गळतीबद्दल. सीलखाली तेलाचा पुसट ओलावा, त्यावर चिकटलेली धूळ, हे वरच्या एक तृतीयांश भागापुरतं असेल तर घाबरू नका. रॉड दर खेपेला तेलाचा बारीक थर बाहेर आणतोच. ओघळ नळीवरून खाली उतरून बुशपर्यंत पोचला असेल, थेंब धरत असेल, तर तो गळका. कोरड्या कापडाने पुसून दोन दिवसांनी परत बघा. तेल दुसरीकडून तर आलं नाही ना, तेही पाहा. ड्राइव्ह शाफ्टचं (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचं) रबर फाटलं की ग्रीस गोल फिरून स्ट्रटवर शिंतोडतं, पट्टा मारल्यासारखं. त्याला बघून स्ट्रट बदलणारे आहेत.

दुकानातली परीक्षा

सोबत घ्यायच्या वस्तू: जुनं फडकं, मोजपट्टी, घरचा डिजिटल वजनकाटा, टॉर्च. दुकानदार हसेल, हसू द्या.

आधी रंग. काढीव मालावर धूळ, चिखलाचे डाग, कंपनीचा मळका स्टिकर असलाच पाहिजे. झळझळीत काळा रंग हा जुन्या शॉकअपच्या तब्येतीचा पुरावा नसून संशयाचं पहिलं कारण. नळीवर पोचा आहे का, बोट फिरवून बघा. दुहेरी नळीच्या शॉकअपला बाहेरचा लहान पोचा खपून जातो, कारण पिस्टन आतल्या नळीत चालतो. एकेरी नळीच्या गॅस शॉकअपला मात्र पोचा म्हणजे मरण, पिस्टन त्याच भिंतीवर घासत असतो.

मग रॉड. पूर्ण बाहेर ओढा, फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरपा धरा. रॉडवर कठीण क्रोमचा थर असतो, मिलीमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा. त्याला ओरखडा पडला की तो सीलला प्रत्येक खेपेला कापत राहतो. नख रॉडवरून लांबीने फिरवा. नुसतं दिसतं पण नखाला लागत नाही, चालेल. नखाला अडलं, बाद. काढीव मालात सगळ्यात जास्त सापडणारा दोष म्हणजे पक्कडीचे किंवा पाइप पान्याचे दात. वरचा नट गंजलेला असतो, रॉड सोबत फिरायला लागतो, आणि काढणारा घाईत रॉडलाच पकडतो. हे दात कुठे आहेत ते महत्त्वाचं. रॉडचा अगदी वरचा, बम्प स्टॉपच्या (शॉकअप तळाला आदळू नये म्हणून लावलेल्या) फोमच्या गुटक्यात झाकलेला भाग सीलपर्यंत कधी पोचत नाही, तिथला ओरखडा किंवा गंज निरुपद्रवी. त्याखाली असेल तर सोडा. रॉडच्या मधल्या भागात, गाडी नेहमी जिथे बसते तिथे, चकाकी गेलेली आणि एका अंगाला पट्टा पडलेला दिसला तर गाडी खूप चाललीय. मीटरवर कितीही लिहिलेलं असू दे. त्या पट्ट्यात पिवळट-तांबूस झाक दिसली तर क्रोम संपलं.

आता मुख्य परीक्षा. शॉकअप उभा, रॉड वर. खालच्या बुशमधून जाड पाना किंवा सळई घालून दोन्ही पायांनी दाबून धरा. व्हाइस (शिकंजा) असेल तर खालचा कान किंवा ब्रॅकेट पकडा, नळी कधीच नाही. दुकानात माल आडवा पडलेला असतो, त्यामुळे हवा कामाच्या कप्प्यात शिरलेली असते. म्हणून पाच-सहा वेळा पूर्ण वरखाली करून ती काढून टाका. हे न करता ओढलं तर चांगला शॉकअपही पोकळ लागेल आणि तुम्ही उगाच नाकाराल.

मग सावकाश वर ओढा. गुळाच्या पाकातून पळी ओढावी तसा, तळापासून टोकापर्यंत एकसारखा विरोध लागला पाहिजे. मध्येच सैल, मध्येच घट्ट असेल तर आतली नळी ओरखडलीय किंवा रॉड वाकलाय. यानंतर लहान खेपा: खाली, मध्ये आणि वर, तिन्ही ठिकाणी दोन-तीन सें.मी. वर-खाली, वर-खाली. लक्ष दिशा बदलते त्या क्षणावर. हात उलटताच विरोध सुरू झाला पाहिजे. उलटताना काही मिलीमीटर मोकळी गेली, 'टक्' लागलं, तर आत हवा आहे, झडप झिजलीय किंवा पिस्टनचा नट सैल आहे. पाच-सहा खेपा पुन्हा मारूनही तसंच असेल तर तो माल परत ठेवा. दुकानदाराच्या पूर्ण दाबण्यात हा दोष कधीच सापडत नाही, कारण तो दिशा बदलतच नाही.

शेवटी झटक्यात ओढा. सावकाश ओढण्यापेक्षा खूप जड गेलं पाहिजे. दोन्ही सारखंच लागत असेल तर झडपेची पाती मेलीत. कान द्या: बारीक 'सूं' हा तेल भोकांतून जाण्याचा आवाज, योग्य. 'खळखळ' किंवा 'फसफस' म्हणजे तेल कमी.

गॅसचं काय? गॅसवाला शॉकअप दाबून सोडला की रॉड आपण होऊन, सावकाश, शेवटपर्यंत बाहेर येतो. नुसत्या तेलाचा जिथे सोडाल तिथेच राहतो आणि तो त्याचा दोष नाही. जुन्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपना लोक याच कारणाने उगाच मेलेलं ठरवतात. पण स्टिकरवर 'गॅस' लिहिलंय आणि रॉड आतच बसून राहिला, तर नायट्रोजन गेला.

इथे वजनकाटा लागतो. शॉकअप काट्यावर उभा ठेवा, काटा शून्य करा, रॉडच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून निम्मा दाबा आणि हात स्थिर धरा. काट्यावर येणारा आकडा म्हणजे गॅसची उलट ढकल, थोडं घर्षण धरून. हिशेब सोपा आहे. रॉड २० मि.मी. जाड असेल तर त्याचं क्षेत्रफळ ३.१ चौ.सें.मी. आत ५ बार दाब धरला तर ढकल साधारण १६ किलो. १२ मि.मी.च्या मागच्या रॉडला तोच दाब साडेपाच-सहा किलो देतो. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलेल, पण जोडीतल्या दोघांचा सारखा हवा. एक १४ आणि दुसरा ६ दाखवत असेल तर सहावाला गळालाय, बाहेरून कितीही कोरडा असू दे.

ओढण्याचं मोजमापही करता येतं. रॉडच्या टोकाला नट घट्ट लावून शॉकअप छताच्या हुकाला टांगा, रॉड वर, नळी खाली. आधी नळी वर दाबून धरा, खालच्या कानाला २० किलोचं वजन अडकवा, सोडा. मधल्या १० सें.मी.ला किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजा. तीनदा. दोघांत पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त फरक असेल तर ती जोडी नाही, दोन वेगळ्या गाड्यांचे अनाथ आहेत. ही परीक्षा फक्त मंद गतीची, झटक्याचा अंदाज तिच्यातून येत नाही. पण डावं-उजवं जुळवायला हिच्याइतकं स्वस्त काही नाही.

रॉड वाकलाय का? पूर्ण बाहेर काढा, नळीच्या तोंडाशी मोजपट्टी उभी टेकवा आणि रॉड गोल फिरवा. रॉड आणि पट्टीतली फट फिरताना लहान-मोठी होत असेल तर वाकलाय. अपघाताच्या गाडीचा माल असेल तर ही परीक्षा सोडूच नका. ज्या कोपऱ्याला मार लागला त्या कोपऱ्याचा शॉकअप घ्यायचा नाही, त्याच गाडीचा विरुद्ध टोकाचा घ्या. स्ट्रटला आणखी एक: रॉड बाहेर असताना टोक आडवं हलवून बघा. केसभर झोल चालतो, हाताला 'खट्' असं लागत असेल तर मार्गदर्शक बुश गेला. नकलच्या बोल्टची भोकं अंडाकृती झाली असतील तरीही नको, त्यावर अलाइनमेंट टिकणार नाही.

भरलेला माल ओळखायचा कसा

आतलं काम असं चालतं: नळीला भोक पाडतात, जुनं तेल काढतात, हाताशी असेल ते तेल घालतात, भोक वेल्डिंगने बुजवतात, घासतात आणि रंग. नायट्रोजन परत भरला जात नाही, जुनं सील बहुधा तसंच राहतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं काय झालं ते कोणी बघत नाही. पहिले काही दिवस गाडी छान चालते. मग दाब नसलेलं तेल फेसाळतं आणि अक्कलकोटला जाऊन येईपर्यंत गाडी पुन्हा डोलू लागते.

खूण म्हणजे नळीच्या खालच्या तिसऱ्या भागात किंवा बशीच्या आड रुपयाएवढा गुळगुळीत, घासलेला गोल. अंगठ्याने चाचपा. तोंडाची दुमडलेली कड कंपनीत एकसारखी वळलेली असते, तिथे हातोड्याचे किंवा छिन्नीचे ठोके दिसले तर उघडलाय. लेबल नाही, पार्ट नंबर घासलेला, हेही त्याच घरचं. शेवटची खात्री: रॉड पूर्ण आत जातो का? आत शिरणाऱ्या रॉडला जागा मिळावी म्हणून नळीत थोडी पोकळी ठेवावीच लागते. 'कडक' वाटावा म्हणून तेल काठोकाठ भरलं की रॉड शेवटचे काही सेंटिमीटर दगडासारखा अडतो. असा शॉकअप मोठ्या खड्ड्यात सील तरी फोडतो, नाहीतर वरचं माउंटिंग. दुकानातला सगळ्यात 'कडक' माल बहुतेक वेळा हाच असतो.

जुळणी आणि बिल

"स्विफ्टचाच आहे" एवढ्यावर भागत नाही. भारतात स्विफ्ट २००५ ला आली, मग २०११, २०१८ आणि २०२४ ला नवी पिढी. नाव एक, भाग वेगळे. डिझेलचं इंजिन जड, त्यामुळे पुढचा स्ट्रट आणि स्प्रिंग पेट्रोलशी जुळेलच असं नाही. आपल्या गाडीचा काढलेला शॉकअप सोबत न्या आणि शेजारी ठेवून तपासा: पूर्ण उघडी लांबी, पूर्ण मिटलेली लांबी, खालच्या बोल्टमधलं अंतर, स्प्रिंगच्या बशीची उंची, लिंक रॉडचा कान, ब्रेक पाइपची पट्टी. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरची क्लिप विसरू नका. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, त्याआधीच्या खालच्या मॉडेलच्या स्ट्रटवर ती क्लिप नसू शकते. मग वायर दोरीने बांधली जाते आणि एके दिवशी टायर तिला खातो.

किमतीचा आमचा नियम: नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त सांगितली की उठायचं. पुढच्या स्ट्रटला तर एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये. जोडीच घ्या, एकच कधी नाही. बिलावर गाडी, पिढी, डावा-उजवा आणि 'बसवल्यावर ७ दिवसांत दोष निघाल्यास परत' असं लिहून मागा. "बसवलेला माल परत नाही" ही पाटी बहुतेक ठिकाणी आहे. पण वरच्या परीक्षा शांतपणे करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ती पाटी थोडी लवचीक होते, असं दिसतं. आणि काटा लावू न देणाऱ्या दुकानात दुसरी जोडी बघायचीही गरज नाही.

बसवताना गॅरेजवाल्याला काय सांगाल

होटगी रस्त्यापासून पुणे रस्त्यापर्यंत हात बसलेले फिटर भरपूर आहेत, पण तीन गोष्टी घाईत राहतात. पहिली, वरचा नट. एअर गनने मारला तर रॉड आत गरगर फिरतो, आणि तो धरायला पुन्हा तीच पक्कड. रॉडच्या टोकाला ॲलन कीचं भोक किंवा चपटी बाजू असते, तिथे धरून हाताने आवळायला सांगा. दुसरी, मागचा बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळायचा नाही. तसा आवळला तर गाडी खाली आल्याबरोबर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पडलेलं, मग शेवटचा आवळा. तिसरी, काढीव शॉकअपला बम्प स्टॉप आणि धुळीचं कव्हर नवं घाला. जुना फोम हातात घेतला तरी भुगा होतो, आणि कव्हर फाटकं असेल तर आपली धूळ सीलपाशी जाऊन बसते. या दोन स्वस्त वस्तू वाचवण्यात काही शहाणपण नाही.

स्प्रिंग दाबायची यंत्रं दोन, समोरासमोर लावलेली, आळीपाळीने आवळलेली असायला हवीत. एकाच यंत्रावर किंवा दोरीने बांधून काम चाललं असेल तर त्या स्प्रिंगच्या समोर उभं राहू नका. पुढचे बसवल्यावर अलाइनमेंट त्याच दिवशी.

२०० ते ३०० कि.मी. झाले की एकदा वाकून सील बघा, फडक्याने पुसा, पहाटेचा हात लावून डावा-उजवा तपासा. ७ दिवसांच्या आत.

काढलेले जुने शॉकअप भंगारात देताना 'गॅसचा आहे' हे सांगून द्या. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये २० ते ३० बार दाब असतो, मोटारीच्या टायरच्या दहापट. अंगणातल्या फाटकाला पाइप हवा म्हणून त्याच्यावर कटिंग टॉर्च लावणारे लोक आहेत.